खाट चारचा पेनिसिलिन रिपोर्ट

६ ऑगस्ट १९६३, मंगळ. पौड.
खाट चार. हौसा, बाळंतीण, तेरावा दिवस. छातीचे गळू फोडले, तरी ताप १०३. पुवाची तपासणी माझी. शनिवारी प्लेट वाचली : पेनिसिलिनच्या चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ ३० मि.मी. तक्त्याप्रमाणे औषध लागू. तसा रिपोर्ट दिला. तेव्हापासून सुया चालू आहेत. उतार नाही.
डॉक्टर म्हणाले, डोस वाढवू. रिपोर्टवर शंका घेतली नाही. घेतली असती तर बरे.

७ बुध.
ती प्लेट टाकली नव्हती. उजेडात धरली. रक्त घातलेले आगर, जंतू वाढवायची जेली, एका कडेला गडद, दुसऱ्या कडेला फिके. थर सारखा नाही. वर्तुळही गोल नाही, अंड्यासारखे. मी फक्त आडवे मोजले. पेनिसिलिनची चकती फिक्या बाजूला. पातळ थरात औषध दूरवर पसरते, वर्तुळ उगाच मोठे दिसते. शिकताना पहिल्या महिन्यातच सांगितलेले.
प्लेटा टेबलावर थिजतात. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. जुलैत एक फुटली. कंपाउंडर नूरभाईंनी तिथे जाड बुडाचा वाडगा ठेवला. मी पाहिले होते. आज गवंड्याचा पाणसळ आणून ठेवला. बुडबुडा थेट कडेला, टेबल कललेले.
नूरभाई म्हणाले, "पर बाई, मुंगी एक न्हाई चढली."
सपाट फरशीवर नव्या प्लेटा ओतल्या. तोच जंतू लावला. उबवणपेटी ३७ अंशांवर.

८ गुरु.
पेनिसिलिनचे वर्तुळ १९ मि.मी. लागू नाही. एरिथ्रोमायसिन लागू, पण आमच्याकडे नाही. पुण्याला चिठ्ठी गेली.
डॉक्टरांनी दोन्ही प्लेटा पाहिल्या. बाजूला सारल्या. मग, "औषध बदललं, एवढंच सांगायचं. बाकी काही नाही."
रजिस्टर काढले. वाडगा ठेवल्यापासून पेनिसिलिन लागू म्हणून दिलेले रिपोर्ट, हौसा सोडून, सहा. सहाही जण घरी गेलेले.

९ शुक्र.
गोळ्या दुपारच्या एस. टी.ने आल्या. तीनला पहिला डोस. ताप १०४. बाळ सासूकडे, वरचे दूध.
सासू म्हणाली, "तुमी कागद लिवला तवाच म्या सुनंला म्हनलं, आता भ्या न्हाई. डाक्टर चुकंल, कागद न्हाई चुकायचा."
मी नाडी मोजत राहिले. १२८.

१० शनि.
सकाळी १०३.२. अजून काही म्हणता येत नाही. रात्रीतून एकदा बाळाचे नाव घेतले म्हणे.
सहा पोस्टकार्डे लिहिली, ताप असल्यास ताबडतोब या. कारण लिहिले नाही. डॉक्टरांना विचारले नाही. एका कार्डावर पत्ता अपुरा. धोंडू, पायाची जखम, रजिस्टरात नुसती वाडी, हौसाचीच. सासूला विचारले, कुठल्या घरचा.
"धोंडू व्हय? त्यो आठ दिसांखाली गेला की. पाय लई सुजला व्हता." मग माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहून, "त्याचा काय कागद ऱ्हायलाय का हितं?"
नाही म्हणाले.