सीटखालचा ओंडका

।। श्री ।।

चाकण, ता. १२ ऑगस्ट १९५६

ती. सौ. इंदुताईस,
दौलतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही सगळी खुशाल आहोत. बटाटा बरा आहे. गवरा नणंदेची रोज आठवण काढते, म्हणजे तुझ्या हातच्या कुरड्यांची काढते. चि. कुसुमच्या स्थळाचं कुठवर आलं ते तू कळवत नाहीस. मामाला शेवटी सांगायचं असतं का?

आता मुद्द्याचं, आणि आधीच सांगतो, रागावू नकोस. मी मोटार घेतो आहे. खेडचे नानासाहेब इनामदार आपली काळी वॉल्ड्रन विकायला काढताहेत. अमेरिकेची गाडी. पुढच्या सीटवर तिघं, मागं चौघं, आणि कुणी अंग चोरून बसला तर आणखी एक. पिंपरीला औषधाचा सरकारी कारखाना झाल्यापासून आपल्याकडची पोरं पहाटे रस्त्यावर एस.टी.ची वाट बघत उभी असतात आणि ती भरून येते, थांबतसुद्धा नाही. मी त्यांना नेईन-आणीन. नानासाहेब म्हणतात, ही गाडी नव्हे, पालखी आहे. मीही बसून पाहिलं, खरंच पालखी आहे.

दाजी देहूरोडच्या लष्करी डेपोत सामानाचा हिशेब बघतात, तिथं अमेरिकन मासिकं पडलेली असतात. ही कंपनी कसली, कधीची, ते त्यांनी बघावं. आणि आपल्या भागात आणखी दोघांकडे वॉल्ड्रन आहे म्हणतात, चिंचवडच्या डॉक्टरीणबाईंकडे आणि पिंपरीच्या उद्धवराव कंत्राटदारांकडे. त्यांचं मत काय, तेही विचारावं. मी अगदीच आंधळेपणानं उडी मारत नाही, हे तुला कळावं म्हणून सांगतो.

मुलांना आशीर्वाद. जशी माया केलीस तशी करीत राहावीस.
तुझा
दौलत

।। श्री ।।

आकुर्डी, ता. २६ ऑगस्ट १९५६

चि. दौलत यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. विचारायचं आणि करायचं मात्र मनातलंच, ही तुझी लहानपणची खोड. तरी विचारलंस, तर सांगते.

यांनी दोन रविवार बसून मासिकं चाळली. तुझ्या वॉल्ड्रनचा मूळ पुरुष शेतकऱ्यांसाठी घोड्यांच्या गाड्या करायचा. चाकं भक्कम, म्हणून नाव झालं. मुलानं सायकली काढल्या, नातवानं मोटारी. मंदीत कारखाना बुडता बुडता राहिला, लढाईत जखमी सैनिक न्यायच्या गाड्या करून वर आला. लढाई संपल्यावर चकचकीत मोटारी काढल्या, त्यातलीच ही तुझी. पण पुढचं ऐक. मोठ्या कंपन्यांपुढे टिकाव लागला नाही आणि गेल्या साली वॉल्ड्रनचं दार बंद झालं. त्या जागेत आता बर्फाची कपाटं करतात म्हणे. म्हणजे तुझी गाडी पोरकी आहे. हिचा खिळा मोडला तर तिकडेही मिळायचा नाही.

आता मालकांची मतं, आम्ही दोघं जाऊन विचारून आलो. डॉक्टरीणबाई म्हणजे कौशल्याबाई, यजमान जाऊन वर्ष झालं. त्यांनी चहा केला, डॉक्टरांचा गाडीवर किती जीव होता ते सांगितलं, डोळे पुसले. इंजिन उत्तम, कधी तक्रार नाही, असं म्हणाल्या. उद्धवरावांचंही तेच, अक्षर इकडचं तिकडे नाही. इंजिन उत्तम, तक्रार नाही.

हे समाधानानं घरी आले. मी बायकी नजरेनं पाहिलं तेवढं लिहिते. कौशल्याबाईंच्या पडवीची जमीन ताटासारखी सपाट आहे, तरी उभ्या गाडीच्या चाकाला लाकडाचा ओंडका लावलेला आहे. आणि उद्धवरावांच्या गाडीत एक माणूस मागं नुसता बसलेला असतो, मांडीवर ओंडका घेऊन. त्याचं काम काय असं मी विचारलं, तर उद्धवराव हसले आणि पाऊसपाण्याकडे वळले. मला ते हसणं आवडलं नाही.

घाई करू नकोस. गवरेला सांग, कुरड्या दिवाळीला. बहिणीचं ऐकावंसं वाटेल इतकी तरी ओढ राहू दे.
तुझी
ताई

।। श्री ।।

चाकण, ता. ९ सप्टेंबर १९५६

ती. सौ. इंदुताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी गाडी दारात आली. आता रागावून उपयोग नाही! सगळा गाव बघायला लोटला होता. गवरेनं पाच बायका बोलावून औक्षण केलं. गेनू, आपला गडी, दिवसातून दोनदा तिला पुसतो. बैलांना इतकं प्रेमानं त्यानं कधी हात लावला नाही, असं मी त्याला चिडवतो.

पिंपरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. पोरं वेळेवर कामावर पोचतात, संध्याकाळी गाणी म्हणत येतात. मला दौलतशेठ म्हणतात, तुला ऐकून हसू येईल.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. मागची सीट उचलून झाडत होतो, तर खाली ओंडका निघाला. बाभळीचा, एका बाजूनं तासलेला, आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेला. तुझं पत्र आठवलं. नानासाहेबांना विचारलं, तर म्हणाले की आधीच्या मालकानं ठेवला होता, म्हणून आम्हीही ठेवला. गेनूला तो फुटेल असं वाटलं, म्हणून त्यानं त्याला बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचा तुकडा ठोकून घेतला आहे.

ब्रेक कधी कधी दोनदा दाबावा लागतो, एवढंच. बाकी इंजिन उत्तम.

कुसुमला अनेक आशीर्वाद. गाडीवर असेल तो राग, माझ्यावर नको.
तुझा
दौलत

।। श्री ।।

आकुर्डी, ता. ३० सप्टेंबर १९५६

चि. दौलत यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ब्रेक दोनदा दाबावा लागतो आणि वर बाकी उत्तम म्हणतोस! माणसाला श्वास कधी कधी लागत नाही, बाकी तब्येत उत्तम, असं झालं हे.

हे आज मुद्दाम चिंचवडच्या हिंदुराव मिस्त्रीकडे गेले होते. तो म्हणाला की वॉल्ड्रनच्या ब्रेकमधलं रबर त्या कंपनीचंच लागतं, ते आता येत नाही, आणि तिन्ही गाड्यांना लॉरीच्या ट्यूबमधून कापलेलं रबर बसवलेलं आहे. सपाटीला चालतं. उताराला भरवसा नाही. पुण्यात एकाकडे जुन्या साठ्यातलं अस्सल रबर आहे, ते आणून दसऱ्याच्या आधी तुझ्याकडे येतो म्हणाला. तो येईपर्यंत फेऱ्या बंद ठेव. पोरं एस.टी.नं जातील, उशीर झाला तर झाला.

दौलत, तुझ्या गाडीत रोज आठ घरांची माणसं बसतात. मला रात्री डोळा लागत नाही. माझ्यासाठी एवढं कर.

कुसुमला तळवड्याचं स्थळ बघून गेलं. मुलाचे वडील मालोजीराव म्हणून आहेत, माणसं बरी वाटली. पक्कं झालं की आधी तुलाच कळवीन.

ताईचा जीव टांगणीला आहे, हे विसरू नये.
तुझी
ताई

चाकण, ता. २८ ऑक्टोबर १९५६

ती. सौ. इंदुताईस,
नमस्कार.

दाजी येऊन गेले, त्यांनी तुला सांगितलंच असेल. तरी माझ्या हातानं लिहायचं राहिलं होतं.

तुझं ऐकून फेऱ्या बंद ठेवल्या होत्या. हिंदुराव रबर घेऊन अष्टमीला आला. दिवसभर खपून ब्रेक उघडला, रबर बसवलं. नळ्या पक्क्या आवळायच्या आणि उतारावर नेऊन बघायचं तेवढं उरलं, तोवर अंधार पडला. सकाळी करू म्हणाला. सकाळी खंडेनवमी. गवरेनं पहाटेच अंघोळ करून नांगराचा फाळ, कोयता, विळे पाटावर मांडले, आणि त्यांच्याबरोबर माझे पाने, हातोडी, पक्कड, सगळं मांडून हळदकुंकू वाहिलं. एकदा पूजेला मांडलेलं हत्यार सीमोल्लंघन होईपर्यंत कुणी उचलत नाही. हिंदुरावालाही घरी स्वतःची हत्यारं पुजायची होती, तो गेला. जाताना गाडी हलवू नका म्हणून दोनदा बजावून गेला.

दसऱ्याला गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. संध्याकाळी मंडळी दारात आली आणि म्हणाली की औंदा सीमोल्लंघन मोटारीतनं करायचं, मान गाडीचा. मी नाही म्हटलं. मग एकजण म्हणाला की दौलतशेठची गाडी निस्ती पुजायलाच हाय जनू. सगळे हसले. ताई, मला ते हसणं सोसलं नाही. पूजा मोडून पाना उचलायचं धैर्य झालं नाही, आणि गाडी काढायचं झालं. वेशीपर्यंत तर जायचं, असं मी मनाला सांगितलं.

आपट्याचं झाड ओढ्यापाशी, उताराच्या तळाला. पोरं पानं ओरबाडत होती. मी ब्रेक दाबला, तर पाय पार तळाला गेला. दोनदा दाबला, तीनदा दाबला. मी ओरडलो तेही मला ऐकू आलं नाही. गेनूनं मागचं दार उघडून ओंडका घेऊन उडी टाकली आणि चाकापुढे घातला. ओंडका सरकत होता म्हणून तो पायानं रेटत राहिला. गाडी पोरांपासून हातभर अंतरावर थांबली.

गेनूचा पाय गुडघ्याखाली राखता आला नाही. माळा सुकल्या तरी गाडीवरून काढायला कुणी आलं नाही.

गाडी मोडीत घालतो. कुणाच्या हाती देणार नाही, हा शब्द.
दौलत

।। श्री ।।

आकुर्डी, ता. २२ एप्रिल १९५७

चि. दौलत यास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्रिका मिळाली असेल. रविवार, ५ मे, कुसुमचं लग्न आपल्या दारी. लाडू वळून झाले, मांडवाचे वासे आले, आणि काल तळवड्याहून व्याही मंडळी मानपानाचं बोलायला आली. मोटारीतून आली.

गाडी हिरवी आहे, रंग नवा आहे. मालोजीराव कौतुकानं सांगत होते की पुण्यातल्या दलालाकडून घेतली, आणि आधीच्या मालकाचं मत दलालानं पत्रात दाखवलं. इंजिन उत्तम, कधी तक्रार नाही. वरात हिच्यातूनच न्यायची म्हणाले. कुसुम हौसेनं आत बसून आली. मी पानसुपारीचं ताट द्यायला गेले, तर मागची सीट जरा उचललेली होती.

दौलत, लोखंडी धाव ठोकलेला बाभळीचा ओंडका या जगात एकच आहे.

मी ताट कसं धरलं ते माझं मला ठाऊक. कुणाला बोलले नाही, यांनासुद्धा नाही, कारण माझ्या तोंडून गेलं तर मुलीच्या आईनं सोयऱ्याच्या गाडीला नावं ठेवली असं होईल. तू विकलीस, तू बोल. तळवड्याला जा आणि मालोजीरावांना समोर बसून सांग. गेनूचा पायही सांग. मला फसवलंस त्याचं नंतर बघू, आधी माझी पोर त्या सीटवरून उठव.

याहून जास्त लिहवत नाही.
ताई

।। श्री ।।

चाकण, ता. २८ एप्रिल १९५७

ती. सौ. इंदुताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तळवड्याला जाऊन आलो. तिथून आकुर्डी जवळ, पण तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितो. दसऱ्यानंतर हिंदुरावाला पुन्हा बोलावलं नाही, ब्रेक पुरा न करताच गाडी दलालाला दिली, आणि गेनूच्या औषधपाण्यासाठी विकली असं मी स्वतःला सांगत होतो. खरं असंही आहे की मी फसलो हे लोकांना कळू नये, असं मला वाटत होतं. नानासाहेबांनाही तेच वाटलं असणार.

मालोजीरावांना सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला. मग म्हणाले की पाव्हणं, आमाला ठावं हाय. घेतली त्याच आठवड्यात ती त्यांच्या विहिरीच्या कठड्याला जाऊन टेकली होती. सूनबाईला तिच्यात बसवणार नाही, वरात बैलगाडीतून नेतो, गाडी नुसती पुढे शोभेला चालेल, असा शब्द त्यांनी दिला. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

उठताना त्यांनी मला बाजूला घेतलं. लग्न होईपर्यंत गाडीबद्दल कुठं बोलू नका म्हणाले. रावेतचे कुणी गृहस्थ लग्नानंतर गाडी न्यायला येणार आहेत. त्यांनी मत विचारलं होतं, यांनी कळवलं की इंजिन उत्तम, तक्रार नाही. मी आधीचा मालक आणि आता सोयरा, तेव्हा ते गृहस्थ विचारायला आले तर मीही दोन शब्द बरे बोलावेत, एवढी त्यांची इच्छा होती.

ताई, मी मान हलवली. कुसुमचं लग्न तोंडावर असताना आणखी काय करणार होतो? रावेतला नदीकडे उतार फार आहे, हे मला एस.टी.त बसल्यावर आठवलं.

तू सांगशील ते करीन.
दौलत

।। श्री ।।

आकुर्डी, ता. ३० एप्रिल १९५७

चि. दौलत यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचायला दिलं. हे टोपी घालून रावेतला गेले आणि त्या गृहस्थांचं नाव घेऊन आले. नवीन गिरणी घातली आहे, घरात चार लहान मुलं आहेत, मुलांना गाडीची फार हौस आहे. समोर बोलायला यांचं धाडस झालं नाही. मी दौत पुढे ओढली.

पोस्टकार्ड लिहिलं. उघडं कार्ड आहे, पोस्टातला कुणीही वाचील. त्यात ब्रेक लिहिला, ओंडका लिहिला, गेनूचा पाय लिहिला, आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं. निनावी लिहिलं असतं तर त्यांनी दुर्लक्ष केलं असतं. कार्ड आज पेटीत पडलं. उद्या-परवा ते गृहस्थ तळवड्याला जाब विचारायला जातील आणि मालोजीरावांना कळेल कुणी लिहिलं ते. कुसुमला मी सगळं सांगितलं आहे. ती उठून आत गेली आणि अजून बाहेर आलेली नाही.

हळद दळून ठेवली आहे. रविवारी वऱ्हाड आलं तर मामा लागेल, आणि नाही आलं तरी घरात आपलं माणूस लागेल. ये. गेनूला घेऊन ये.
ताई