बटणावरचा हात

ता. ४ जून
ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मशीन चालवायचात त्या बंद पडलेल्या थिएटरातली रिळं आमच्या संग्रहालयात आली आणि दुरुस्तीला नेमकी माझ्याच टेबलावर. दोन मित्रांचा तो जुना सिनेमा. चौथ्या रिळात फिल्म कापून चिकटवल्याचा एक जोड सापडला. लग्नाला निघालेल्या मित्राच्या सदऱ्याचं बटण दुसरा लावतो आणि पुढची वीस सेकंदं गायब. सिनेमाच्या मूळ कागदांत लिहिलंय की बटण लागल्यावरही हात तिथेच राहतो. त्या काळी याहून जास्त दाखवता येत नव्हतं. ज्यांना कळायचं त्यांना कळायचं. जोड इतका सफाईदार, की कापणारे तुम्हीच. तुकडा कुठे आहे?

२८ तारखेला संग्रहालयात त्याचा खेळ आहे. माझ्यासोबत राहतो तो नुसता रूममेट नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. बाबा म्हणतात, घरात कळलं तेवढं पुरे, चार लोकांत नको. मी त्याला शेजारी बसवणार आहे. तुम्ही आमच्या रांगेत बसाल?

आजवरचा लोभ या पत्रानंतरही राहावा.
तुमचा काडीपैलवान

ता. ९ जून
चि. काडीपैलवानास अनेक आशीर्वाद.

हो, मीच कापला. मालकाने सांगितलं नव्हतं. शाळेतले चित्रकलेचे मास्तर रोज शेवटच्या रांगेत बसायचे, तेवढा तुकडा पाहून मध्यंतराआधी उठायचे. एका टोळक्याच्या ते लक्षात आलं. बटण दिसलं की मागे वळून शिट्ट्या; मास्तरांनी आमचंही बटण लावावं म्हणून ओरडायचे. मला वाटलं, तुकडाच नसला तर चेष्टा थांबेल.

थांबली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर बटण लागलं आणि एकदम पुढची आगगाडीच सुटली. मास्तर त्या दिवशी शेवटपर्यंत बसून राहिले. मी मशीनच्या खोलीतून पाहत होतो. पुन्हा आले नाहीत. महिनाभरात बदली मागून गेले. शिट्ट्या मारणारे ओळखीचे, त्यांना मी काही बोललो नाही, आणि त्या माणसाची वीस सेकंदं मात्र काढून घेतली. तुकडा देवाच्या तसबिरीमागे डबीत आहे. रोज हात जोडताना आठवतो.

दादाचं, तुझ्या बाबांचंही तेच चाललंय. तुला जपायचं म्हणून तुझ्या शेजारचा माणूस कापायचा. या वेळी मी कात्री चालू देणार नाही. दादाला मास्तरांची आठवण करून दिली, तर उठून आत गेला. उद्या पुन्हा जाईन, परवाही जाईन. तुकडा पोस्टाने पाठवत नाही, घेऊन येतो. जोड मीच लावणार.

तुझा जोडीदार तुला नीट जेवू घालतो ना? तुझ्याकडे पाहून शंका येते. दोघांनाही माझा आशीर्वाद.
काका

ता. २० जून
चिरंजीवास आशीर्वाद.

तुझा काका दहा दिवस रोज माझ्यासमोर येऊन बसतोय. चहा पितो, हटत नाही. काल डबी उघडून तुकडा खिडकीशी धरला. मी भिंग लावून पाहिला. एक माणूस दुसऱ्याच्या बटणावर हात ठेवून उभा आहे. एवढंच आहे. शिट्ट्या मारणाऱ्यांत मीही होतो. काकाला ठाऊक होतं, त्याने तुला लिहिलं नाही.

माझे गुडघे वाकत नाहीत, कडेची खुर्ची ठेव. माझ्या शेजारी तुझ्यासोबत राहतो त्याला बसव. सिनेमा चालू असताना कोणी बोललेलं मला खपत नाही, एवढं त्याला सांगून ठेव.

भेटीअंती बाकीचं.
बाबा