रिकाम्या शेडमधला भोंगा

१२ नोव्हेंबर

चि. फुगा यास,
अ. आ. हे आशीर्वाद मोठ्या बहिणीचे आहेत, वर्कशॉपच्या उपप्रमुखांचे नाहीत. त्या बाईंचं तुझ्याशी पटत नाही.

तुझी हायड्रोजनची बस काल आमच्या डेपोत आली. देखणी आहे, हे कबूल. ड्रायव्हरबाईंनी तिला घेऊन मैदानात चार फेऱ्या मारल्या आणि उतरून एवढंच म्हणाल्या, की गिअरच नाही, डाव्या हाताला काही कामच उरलं नाही. आई विचारते, ही बस धुराऐवजी पाणी सोडते, तर ते भांड्यात धरता येईल का. पत्रच लिहायचं हा हुकूमही तिचाच. फोनवर आपण भांडतो आणि तिच्या वाट्याला काही येत नाही.

तीन महिने तुझी बस आणि आमची बॅटरीची बस, दोन्ही चालवायच्या. मग खरेदी समिती पुढच्या चाळीस गाड्या कुठल्या घ्यायच्या ते ठरवणार. माझं मत तुला ठाऊक आहे. आधी वीज खर्चून पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो दाबून टाकीत कोंबायचा, आणि बसमध्ये त्याची परत वीज करायची. या खटाटोपात निम्म्याहून जास्त वीज वाटेतच संपते. माझी बस तीच वीज सरळ पोटात घेते आणि चालू लागते. शिवाय तुझ्या बसमध्येही एक छोटी बॅटरी सापडली. लपवून आणलीस का?

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती गृहीत धर.
तुझी ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. उपप्रमुखबाईंनाही कोपऱ्यातून एक नमस्कार.

बॅटरी लपवली नव्हती. चढावर ती हात देते, उतारावर ब्रेकची वीज साठवते. तुझे आकडे बरोबर आहेत. शहरातल्या फेऱ्यांसाठी तुझ्याशी वाद घालताना मीही जरा अडखळतो. पण डोंगरावरच्या दवाखान्याचा रस्ता घे. जाऊन-येऊन तीनशे दहा किलोमीटर, त्यात वरची थंडी. तेवढ्या अंतराची बॅटरी बसमध्ये भरलीस तर बस स्वतःचंच ओझं वाहत बसेल. वर चार्जिंगला थांबलीस तर तपासणीला गेलेली माणसं घरी कधी पोचणार? माझी टाकी दहा मिनिटांत भरते.

आईला सांग, पाण्याची बरीचशी वाफ होते. भांड्यात थेंबच पडतील. लोभ ठेव, पण बसला लाथ मारू नकोस.
तुझा फुगा

१८ डिसेंबर

चि. फुगा यास,
अ. आ. बातमी बरी नाही. तुमच्या कंपनीनं शेडच्या छताला हायड्रोजन ओळखणारं यंत्र लावलंय, त्याचा भोंगा तीन आठवड्यांत चार वेळा वाजला. चारही वेळा डेपो रिकामा करावा लागला. तुमच्या माणसांनी बस खिळा न् खिळा तपासली, गळती सापडली नाही. समितीचे अध्यक्ष म्हणाले, सापडत नाही हीच जास्त भीतीची गोष्ट. पुढच्या बैठकीत बस परत पाठवायचं घाटतंय.

लोक येऊन माझं अभिनंदन करतात. मला ते गोड लागत नाही.

एक विचारायचं होतं. ते यंत्र फक्त बसच्या टाकीतला गॅस ओळखतं, का कुठूनही आलेला हायड्रोजन? उलट टपाली लिही. आईचा खोकला आता कमी आहे. तिचे तुला पोटभर आशीर्वाद.
ताई

२३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. यंत्राला गॅसचं घराणं कळत नाही. कुठलाही हायड्रोजन असो, ते ओरडतं. का विचारतेस?

इथे आमचा गट मोडायची भाषा सुरू झाली आहे. सहा वर्षांचं काम, आणि मला बहुतेक फायलींच्या खोलीत बसवतील. तुझी बस चांगली आहे, ताई. हरायचंच तर तुझ्याकडून हरलो, एवढं समाधान.

आईला नमस्कार. काळजी नसावी, असं लिहायचं असतं म्हणून लिहितो.
फुगा

९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आज खरोखरच शिर टेकवून.

तू मला एक अक्षर कळवलं नाहीस. ड्रायव्हरबाईंचा फोन आला म्हणून समजलं. चारही वेळा भोंगा सोमवारी नाहीतर गुरुवारी वाजला, आणि त्याच दिवशी त्याच शेडमध्ये जुन्या डिझेल गाड्यांच्या ॲसिडच्या बॅटऱ्या चार्जिंगला लागतात, हे तू ताडलंस. चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडतात, हे शाळेत शिकलेला मी, आणि मला सुचलं नाही. शेडचा हवा बाहेर टाकणारा पंखा महिनाभर बंद होता, आणि त्याची दुरुस्ती तुझ्याच वर्कशॉपकडे.

बैठकीच्या दिवशी तू माझी बस लांब मैदानात काढलीस, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यास, शेडची दारं लावलीस आणि सगळ्या समितीला बाहेर उभं केलंस. दीड तास काही झालं नाही. अध्यक्ष घड्याळ बघून निघू लागले, तेव्हा तू त्यांना खुर्ची आणून दिलीस म्हणे. मग बस नसलेल्या शेडमध्ये भोंगा वाजला. तू म्हणालीस, "गॅस बसचा नाही, माझ्या वर्कशॉपचा आहे."

गप्प बसली असतीस तर चाळीसच्या चाळीस गाड्या बॅटरीच्या आल्या असत्या आणि तू प्रमुख झाली असतीस. आता हातात मेमो आणि बढती वर्षभर लांबलेली. मी हुशार माणसं पुष्कळ पाहिली, ताई. स्वतःची बाजू जिंकत असताना दार उघडून दुसऱ्याला आत घेणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं, आणि ते आमच्याच घरात निघालं. लहानपणापासून भांडायला मला तू मिळालीस, हे माझं भाग्य.

तुझाच,
फुगा

४ मार्च

चि. फुगा यास,
अ. आ. तुझं पत्र आईनं दोनदा मोठ्यानं वाचलं, शेजारीण बसलेली असताना. पुन्हा असं लिहू नकोस. मला जिंकायचंच होतं रे. पण त्यासाठी तुझी बस खरोखर हरायला हवी होती.

पंखा सुरू झाला. निकालही लागला. शहरात बॅटरीच्या चौतीस गाड्या, डोंगराच्या रस्त्यावर हायड्रोजनच्या सहा. शहराचं मी म्हणत होते तसंच झालं, हे नोंदवून ठेव.

परवा निकालानंतर तुझी बस पहिल्यांदा डोंगरावर निघाली, त्या फेरीला मीही गेले. वर दवाखान्याच्या आवारात बर्फ साचला होता. आमची बॅटरीची बस या रस्त्यावर परतीला दोनदा अडली होती. तुझी चढली, थांबली, माणसं घेऊन उतरली, आणि डेपोत शिरताना पाव टाकी शिल्लक होती. मी काटा तीनदा बघितला. उतरताना एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, ही बस कशावर चालते. मला सगळं नीट समजावून सांगायचं होतं, पाणी, वीज, टाकी. पण तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते "माझ्या भावानं" असं, आणि मग पुढचं काही केल्या सुचेना.

कधी येतोस ते कळव. आई वाट बघते, मीही.
तुझी ताई