साहेबांचं घरचं जेवण

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून साहेबांना घरचं जेवण. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. मला रिटायर होऊन चार महिने झाले, तरी माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत. सदानकदा बायकोच्या मागे. एकदा तरी आपणहून माझ्याजवळ येऊन बसावं, एवढीच इच्छा. जो खाऊ घालतो त्याचा कुत्रा, साधं लॉजिक.
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कांदा, लसूण, मीठ अजिबात नको. शिवाय पाकिटातल्या खाण्यात घरचं आधी पाव हिस्सा, मग अर्धा, असं दहा दिवसांत वाढवा. दहा दिवस! छत्तीस वर्षं प्लॅनिंग सेक्शनमध्ये काढलीत मी. दोन दिवसांत उरकतो.
पाव हिस्सा दिला. खाल्ला.

४ मार्च, दुपारी
पूर्ण वाडगा दिला. चाटूनपुसून साफ. तासाभराने सगळं माझ्या नव्या बुटात परत. पॉलिशचा वास उग्र असणार.

४ मार्च, संध्याकाळी
साहेब माझ्याकडे पाठ करून पडलेत. जीव कासावीस झाला. बायको म्हणाली, तुम्ही फक्त शिजवा, वाढायचं मी बघते. योग्यच. कामं वाटून द्यावीत.

७ मार्च
चिकन, भोपळा, भात. बिनमिठाचं. पातेलं रिकामं! साहेबांचं पोटही ठणठणीत.

९ मार्च
पुन्हा रिकामं. हल्ली बायकोचा हातही सुधारलाय. रात्री चिकन-भोपळ्याचा भात, वर तळलेला कांदा. दोनदा मागून घेतला. माझं बघून शिकली.

१२ मार्च
पँट आटली. साबण बदलायला हवा. व्यायाम सोमवारपासून.

१४ मार्च
दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरचं किती देता? मी छाती फुगवून म्हटलं, पातेलंभर. बायको म्हणाली, छे, दोन चमचे, कालपासून चार. मग बाकीचं? तर म्हणे, मीठ-कांदा घालून तुम्हालाच वाढत होते, अन्न टाकवत नाही. डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, असंच चालू द्या.
रात्री जेवताना साहेब आपणहून माझ्या खुर्चीपाशी आले. पहिल्यांदाच. डोळे भरून आले. त्यांनी ताटाकडे नाक नेलं. मी हाताने ताट झाकलं. कांदा होता ना!
साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बायकोच्या पायाशी जाऊन बसले.
उरलेला भात मी संपवला.