पाण्यावरून आलेली हाक

सोमवार
पोचलो एकदाचे! ह्यांच्या ऑपरेशननंतरची पहिलीच सहल. डॉक्टरांनी मोकळी हवा खायला सांगितलीय, आणि इथे दुसरं आहेच काय? गाव जुनं, दगडी फरसबंदीचं. घड्याळाचा मनोरा, पडकी तटबंदी, तिच्या पायथ्याशी तळं आणि पलीकडे सरळ उभा डोंगर. खोली दुसऱ्या मजल्यावर. पलंग करकरतो, पण खिडकीतून पाणीच पाणी दिसतं. लॉजची मालकीण बोलकी आहे, न मागता जादा रजई दिली. हे लगेच खुर्ची ओढून खिडकीशी बसले. बॅगा कोणी उपसल्या ते सांगायला नको.

मंगळवार
होडीतून फिरलो. तळ्याच्या मध्यावर मी गंमत म्हणून डोंगराकडे तोंड करून "अहो!" अशी हाक मारली. डोंगरानं ती जशीच्या तशी परत केली. घरी दहा हाका मारल्या तरी ढिम्म न हलणारे हे, डोंगराला मात्र चटकन ओ देऊन बसले! मी पोट धरून हसले. नावाडी हसला नाही. वल्हं थांबवून म्हणाला, पाण्यावर इथे कोणी कोणाला हाक मारत नाही, आणि पाण्यावरून आलेल्या हाकेला ओ तर देतच नाही. मग त्यानं होडी थेट काठाकडे वळवली.

बुधवार
सकाळी मी केस पुसत होते, तर हे चपला घालून जिन्यात. म्हणाले, तूच तर खालून बोलावलंस. कान वाजले असतील म्हणून हसण्यावारी नेलं. दुपारी जेवता जेवता घास टाकून उठले. तुझी हाक आली, म्हणाले. मी समोरच जेवत होते.
मला ही लक्षणं बरी वाटत नाहीयेत.

गुरुवार
आज मीही ऐकली. माझाच आवाज, पाण्यावरून. फक्त ह्यांच्यासाठी लावते तोच लाडिक हेल.
हे काठच्या पायऱ्यांवर सापडले, गुडघाभर पाण्यात. हाताला धरून ओढत आणलं. मालकिणीला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. ओ दिली होती का, एवढंच विचारलं. आता संध्याकाळी गाडी नाही, उद्या पहिल्या गाडीनं निघा, म्हणाली.
आमचं दोघांचं ठरलंय. तोवर मी तोंडच उघडायचं नाही. म्हणजे जी हाक येईल ती माझी नाही, हे ह्यांना कळेल. फार भीती वाटतेय.

शुक्रवार
बॅगा उचलायला वळले, तेवढ्यात—
धुकं होतं. हे कमरेइतक्या पाण्यात. पण थांबले होते! मी हातवारे केले, तशी आठवलं त्यांना. परत येत होते. मग पाय निसटला, आणि मला राहवलं नाही, "अहो!" म्हणून किंचाळले.
डोंगरानं हाक उचलली. माझ्यापेक्षा मोठ्यानं.
माझी कुठली, कळेना त्यांना. वळले. ओ दिली. चालत गेले.
मीच मारली. मीच.

शनिवार
सगळं तळं शोधलं. काही नाही. लेक संध्याकाळी न्यायला येतेय.
आत्ता खालून— "अगं."
ह्यांचा आवाज. चष्मा सापडेना की मारतात तशी हाक.
कानांवर उशी दाबलीय. सगळं ठाऊक आहे मला. लेक येईपर्यंत ओ द्यायची नाही, फक्त—
पुन्हा. किती केविलवाणी. गारठले असतील. अंगात स्वेटरसुद्धा—
त्यांनी बोलावलं आणि मी गेले नाही, असं कधी—
आले हो, आ