मंडळाची वेबसाईट एकदम सेफ आहे

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपार, भट्टी थंड होईपर्यंत

आणि वर आमचा राहील म्हणतो, धुळा, तू आठवी नापास, तुला वेबसाईटमधलं काय कळतंय. हे तिसऱ्यांदा. नापास नाही, सोडली. नापास व्हायला परीक्षेला बसावं लागतं.

हा गडी मलकापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. मंडळाची वेबसाईट करतो, करतो म्हणत दोन वर्षं घालवली. मी इकडं मदुराईत, नाथाजीशेठच्या गलाईच्या दुकानात, सोनारांकडचा कचरा वितळवून सोनं वेगळं काढत, ॲसिडचा वास खात, चार दुपारींत मोबाईलवर करून मोकळा झालो. एकता तरुण मंडळ. वर नाव, खाली चौतीस सभासद. फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर.

राहीलचं म्हणणं, पोरापोरींचे फोटो आणि नंबर काढ. का काढू? वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो तेव्हा काय असतं? चाळीस तोंडं, खाली नावं, खाली नंबर. तोही स्टँडवर. आख्खा तालुका बघतो. तवा कुणाच्या पोटात दुखलं नाही. वेबसाईट म्हणजे फ्लेक्सच, फक्त वाऱ्यानं फाटत नाही.

निश्चय: सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यात सेफ वेबसाईट आपली. राहीलला दाखवायचंच.

५ नोव्हेंबर. १.४० दुपार

'मुलांची सुरक्षितता' असं पान केलं. एका इंग्रजी शाळेच्या वेबसाईटवरनं नऊ नियम घेतले, मोबाईलनंच मराठी केले. नियम एक: पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांचा फोटो टाकू नये. झकास नियम. पान मोकळं दिसत होतं म्हणून शेजारी क्रांतीचा पळतानाचा फोटो टाकला.

परवानगीचं म्हणाल तर क्रांती माझी सख्खी बहीण. आईला लिहिता येत नाही, म्हणजे लेखीचा प्रश्नच मिटला.

पोरगी सोळाची. पंधराशे मीटरला जिल्ह्यात पहिली आली. आता सांगलीत निवड चाचणी आहे, तारीख मेसेजनं येणार. निवड झाली की हॉस्टेल, जेवण, कोच, सगळं सरकारचं. आमच्या घरात एवढं कुणालाच मिळालं नाही. ते जगाला कळायला नको का?

८ नोव्हेंबर. १.१५

आज 'सराव' पान. क्रांती आणि सबीना, रोज पहाटे साडेपाच, देवळापासून कालव्याच्या रस्त्यानं पाणी सोडायच्या दारापर्यंत, परत पावणेसात. क्रांतीचा टीशर्ट नारिंगी. संपर्क: आईचा नंबर, कारण घरात फोन एकच. आपली पोर कवा कुठं आहे हे पालकांना कळलं पाहिजे. ह्याला पारदर्शकता म्हणतात.

राहीलचा फोन. पेटलेला. म्हणाला, आरं गड्या, पोरींचं टाइमटेबल लावलंस की रं! सबीना माझी बहीण हाय! मी म्हटलं, एसटीची वेळ स्टँडवर लिहितात, म्हणून एसटी कुणी पळवून नेली का? त्यानं मग फोन ठेवला. पटलं असणार. सबीनाचं नाव तेवढं काढलं, त्याचं मन राखायला.

आतापर्यंत ४१२ जणांनी वेबसाईट बघितली. सभासद चौतीस. राहील मेसेजवर विचारतो, बाकीचे कोण? मी लिहिलं, चाहते.

१२ नोव्हेंबर

कमेंट यायला लागल्या. किंग झिरो सेव्हन म्हणून कुणीतरी क्रांतीच्या फोटोखाली पाच बदाम टाकले आणि विचारलं, कुठल्या शाळेत आहे? पाहुण्यानं विचारलं तर उत्तर द्यायची आपल्याकडं रीत आहे. शाळेचं नाव दिलं, वर्ग आणि तुकडीसकट. खाली लिहिलं, 'आपला विश्वासू, ॲडमिन'. असं सौजन्य राहीलच्या कॉलेजात शिकवत नाहीत.

१५ नोव्हेंबर. दुपार. डोकं फिरलंय

आईला तीन दिवसांत अकरा फोन. सगळे अनोळखी. पहिल्यांदा तिला वाटलं कापडाच्या दुकानातनं आहेत, कारण माणूस म्हणाला, नारिंगी नको, लाल घाला, उठून दिसेल. तिनं क्रांतीच्या हातात फोन दिला. त्यानं पुढं काय म्हटलं ते क्रांती सांगत नाही. कालव्याच्या दारापाशी दोन दिवस एक मोटरसायकल उभी असते, एवढं सांगितलं.

आईनं पळणं बंद केलं. म्हणाली, नगं ते हॉस्टेल न् नगं ते कप, पोर घरात दिसू दे मला. मी ओरडलो, चाचणी तोंडावर आलीय आणि तू घरात कोंडतीस? तर म्हणाली, तू हितं न्हाईस, बाबा.

हे बरं. तेराशे किलोमीटरवर मी काय हौसेनं बसलोय?

लगेच उपाय केला. वेबसाईटला पासवर्ड लावला. आता सभासदांशिवाय कुणी आत येऊ शकत नाही. सभासद विसरतील म्हणून पासवर्ड पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात दिला. राहील म्हणतो, कुलूप लावलंस आणि किल्ली कडीलाच बांधलीस. अरे, गावात सगळ्यांच्या किल्ल्या कुठं असतात? कोनाड्यातच ना? झाली का चोरी कधी?

सगळा राग राहीलवर काढताना हातातली ॲसिडची बरणी कलंडली. नाथाजीशेठ म्हणाले, पुन्हा भट्टीपाशी मोबाईल दिसला तर मुशीत घालून वितळवीन, बघू किती सोनं निघतंय. हेही राहीलमुळंच.

१८ नोव्हेंबर

त्या किंगला धडा शिकवायचा ठरवला. मागं लपून नाही, समोरनं. पहिल्या पानावर लाल पट्टी: 'सावधान! या मुलीला कोणीही फोन करू नये. कायदेशीर कारवाई होईल.' कुठल्या मुलीला ते कळावं म्हणून फोटो. कुठल्या नंबरवर करू नये ते कळावं म्हणून नंबर. पट्टी हलती केली, चमकते पण. बघितलं तरी दरारा वाटतो.

२० नोव्हेंबर

एका दिवसात चौतीस फोन. आईनं सिम काढून चुलीत टाकलं.

चुलीत! असं कोण करतं? त्याच नंबरचं दुसरं सिम मिळतं म्हणून राहीलनं सांगितलं तर म्हणाली, सिम नगं, त्यो नंबरच नगं मला. अडाणीपणाची हद्द झाली. आता घरच्यांशी बोलायचं तर राहीलच्या मोबाईलवरनं. म्हणजे मी त्याच्या उपकारात. लोकांना पट्टी सुद्धा नीट वाचता येत नाही आणि शिक्षा मला.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुकान बंद

राहीलला सुट्टी, घरीच होता. आपल्या आईला, मेहरुनबी चाचीला, घेऊन आमच्या घरी गेला. चाचीनं आईला कसं समजावलं कोण जाणे. आता दोघी पोरी शाळेच्या मैदानावर पळतात आणि चाची शिलाईचं काम बाजूला टाकून रोज पायरीवर बसून राहते. शेजारी काठी ठेवते म्हणे.

मग राहीलनं मला फोन लावला. वेबसाईट खाली घे नाहीतर मला आत शिरायला दे. मी म्हटलं, ॲडमिन एकच असतो. तर चाचीनं फोन ओढून घेतला. म्हणाली, धुळ्या, पोरी कवा घराबाहेर पडत्यात ते तुझी वेबसाईट गावभर सांगतीया. बंद कर. मी म्हटलं, चाची, ह्यात टेक्निकल असतं, तुम्हाला न्हाई कळायचं. ती म्हणाली, व्हय रं बाबा, न्हाई कळत. दुसऱ्याच्या घरातला फोन वाजला तरी तुझी आई हातातलं टाकून उभी ऱ्हातीया, एवढंच कळतंय.

फोन मी ठेवला नाही. रेंज गेली.

निश्चय: महिन्याभरात नवीन सिक्युरिटी. तोवर आहे ते आहे. दबावाखाली काम करायची आपल्याला सवय नाही.

६ डिसेंबर. १.३०

चाचणी झाली. दोन तारखेला. सांगलीत. क्रांती घरातच होती.

मेसेज आला होता म्हणे. फॉर्मवर होता त्या नंबरवर. म्हणजे चुलीतल्या. शाळेचे सर पंधरा दिवस ट्रेनिंगला गेलेले, आल्यावर त्यांनी विचारलं, काय गं, कितवा नंबर आला? तेव्हा कळलं.

आता पुढच्या वर्षी.

मेसेज पाठवणाऱ्यांनी एक फोन करायला काय झालं होतं? केला असता तरी लागला नसता, ती गोष्ट वेगळी. पत्र पाठवायचं. सरांनी ट्रेनिंगला जायचं नव्हतं. आईनं सिम डब्यात ठेवायचं, चुलीत कशाला? राहील एवढा कॉम्प्युटरवाला, त्याला आधी सुचलं नाही? सगळ्यांची नावं लिहून काढली. चार झाली. लिहायला आणखी जागा होती. वही मिटली.

७ डिसेंबर, रविवार

वेबसाईट काढली. राहील म्हणतो म्हणून नाही. मेंटेनन्ससाठी.

काढली म्हणून राहीलला कळवलं. त्यानं शाबास म्हटलं नाही. एक लिंक पाठवली. कुठल्यातरी भलत्याच पानावर क्रांतीचा तोच फोटो, लाल पट्टीतनं कापून घेतलेला. खाली दोनशे-तीनशे कमेंट. सगळ्या वाचल्या नाहीत. काढायचं बटण शोधलं. अर्धा तास शोधलं. तिथला ॲडमिन मी नाही.

राहीलनं तक्रार केली आहे. दोन-चार दिवस लागतात म्हणाला. पहिल्यांदाच मला आठवी नापास म्हटला नाही. त्याचाच जास्त राग आला.

९ डिसेंबर. १.५०

सकाळी क्रांतीचा फोन, राहीलच्या मोबाईलवरनं. मी तयारीत होतो. म्हटलं, आता नवीन वेबसाईट, पक्की, लॉकवाली, नाव नाही, फोटो नाही, तुझी फक्त पळायची वेळ, म्हणजे किती मिनिटांत पळालीस ती वेळ. ती मधेच म्हणाली, नको दादा. रडत नव्हती. धाप लागलेली, मैदानावरनंच बोलत होती. म्हणाली, पुढल्या वर्षी जाणार हाय मी. चाची बसती की पायरीवर.

मी विचारलं, मग मी काय करू? म्हणाली, नवीन सिम घेतलंय, रिचार्ज तेवढा मार. मी म्हटलं, नंबर सांग, लिहून घेतो.

ती मग म्हणाली, राहीलकडं पैसे दे दादा, त्यो मारंल.

राहीलला पाठवतोय. २९९ रुपये.