हे शेवटचे धड कधी बोलले?

मिठबाव, बुधवार

प्रिय ब्लेझ भाऊजी यांस,

बर्नादेतचा नमस्कार. देवबापाच्या दयेने तुमची तब्येत बरी असेल असं धरते (नऊ वर्षांची राहिलेली विचारपूस यातच मोजावी). तुमचे थोरले भाऊ वाचले, काल घरी आणले. मी मात्र अजून हादरलेलीच आहे, आणि ती आजारापेक्षा तुम्हा दोघांमुळे जास्त.

गेल्या सोमवारी सकाळी साडेदहाला यांच्या हातून चहाचा कप पडला. बघते तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा. शेजारच्या सिद्धेशने गाडी काढून कणकवलीच्या इस्पितळात पोचवलं. तिथे लगेच सिटी स्कॅन. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, फोटो चांगला आहे. माणूस वाकड्या तोंडाने पडलेला आणि बाईंना फोटो आवडला! मग कळलं, मेंदूत रक्तस्राव नाही, म्हणजे गुठळी अडकलीय. ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आजार कप पडण्याआधीच सुरू झाला असू शकतो, म्हणाल्या; तर हे शेवटचे धड कधी बोलले?

भाऊजी, मी आठवू लागले. सहाला मी विचारलं होतं, बांगडे आणू का, तर म्हणाले "हं". चाळीस वर्षं हेच. (त्यातला आजारी "हं" कुठला, हे कोण सांगणार?) सहा धरले तर वेळ केव्हाच टळलेली. शेवटी यांचा फोन उघडला. आठ पंचेचाळीस, "मर्लिन टेलर", पंधरा मिनिटं. आदल्या दिवशीही. त्याआधीही. म्हणजे मी मासळी बघायला गेले की रोज. मी नंबर लावला आणि अख्ख्या वॉर्डासमोर जे बोलले ते पाद्रीबाबांना कबुलीत सांगताना जड जाणार आहे. मग आवाज आला, "वैनी, मी ब्लेझ. नऊ वाजेपर्यंत तो माझ्यावांगडा बरो बोलत होतो."

ज्याच्याशी बोलायचं नाही अशी मी घरात शपथ घातली, त्याच्याशीच रोज! पण त्या पंधरा मिनिटांमुळे इंजेक्शन मिळालं. संध्याकाळी यांची बोटं हलली तेव्हा मी रडले, हेही लिहून टाकते. माडांच्या वाटणीचं भांडण मात्र आहे तिथेच आहे.

तुमची वहिनी,
बर्नादेत

ता. क. मर्लिन समजून जे बोलले ते मागे घेते. तुम्हाला म्हणून बोलले असते तर घेतलं नसतं.

आणखी एक. जीभ वळायला यांनी रोज तासभर बोलायला हवं म्हणे. मी समोर बसते, पण मला सांगण्यासारखं यांच्याकडे काही उरलेलं नाही. तुम्ही येऊन राहा. मी बोलावलं असं यांना सांगू नका, भांडायला आलो म्हणा.